कोरी कड

प्रिय धाकट्या,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. येत्या शनिवारी सकाळी दहाला गाण्याच्या खाचा कापणारे काका तुझी अकरावी तबकडी पुन्हा कापणार आहेत. हो, तीच. त्यासाठी तुझा होकार लागेल आणि तू स्वतः लागशील. आता फाडायचं तर फाड.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर तिसऱ्या वाक्याला आपली जुंपते. म्हणून लिहायला बसले. बसले कसली, उभीच आहे. बॉयलरला वाफ चढायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात मशीनच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहितेय. कागदाला तेल लागलं असेल तर चालवून घे. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे, काना-मात्रा चुकला असेल तर तोही चालवून घे. एरवी मी कुणाला चार ओळी लिहीत नाही, वाणसामानाची यादीसुद्धा तुझे दाजी लिहितात.

दाजींचं म्हणशील तर गुडघा सोडून सगळं ठणठणीत. कामावरून सुटल्यापासून घर आवरतात. माणूस रिकामा बसला की घरातल्या वस्तूंच्या जिवावर उठतो. गेल्या वर्षात त्यांनी दोन वेळा कपाट, तीन वेळा माळा आणि एकदा मलाच आवरायला घेतलं होतं, म्हणे दर रविवारी माझी चिडचिड कमी करायची. एका रविवारीच तो प्रयोग संपला. पण त्यांच्या या आवरण्यामुळेच पुढचं सगळं घडलं, म्हणून सांगितलं.

आणि मालक गेले. थंडीतच गेले. तुला कळवलं नाही. फाटकात उभा राहून तू त्यांना काय काय बोलला होतास ते मी ऐकलं होतं, तेव्हा कळवून काय करणार होते? तबकड्या दाबायचा हा कारखाना आता त्यांची सून बघते. हुशार आहे, पण सारखं विचारते, "मावशी, हे असंच का करायचं?" असंच का करायचं ते मला ठाऊक असतं, पण सांगता येत नाही, मग मी ओरडते.

तर तीन आठवड्यांपूर्वी फाटकावर एक पोरगी आली. विशीतली, केस असे की त्यात कंगवा हरवावा. कारखान्यात सगळे तिला झिपरीच म्हणायला लागलेत, तिच्या तोंडावरसुद्धा, तिला काही वाटत नाही. हातात तबकडी धरून उभी, मधल्या कागदावरच्या कारखान्याच्या नावावरून शोधत आलेली. पहारेकऱ्याला म्हणाली, "यातली ताई कोण?" त्याला काय कळणार. त्यानं आत येऊन मला सांगितलं की कुणीतरी ताईला शोधतंय, आणि इथे ताई म्हणावं अशा वयाचं कुणी उरलेलं नाही. मी गेले. तिनं तबकडी उन्हात तिरपी धरली, मधल्या गोल कागदाच्या बाहेरची कोरी कड दाखवली. तिथे तुझं अक्षर. "ताई, बोट सांभाळ."

नऊ वर्षांनी बघत होते. पटकन वाचताच येईना. सरळ अक्षर मला अजून सावकाशच वाचता येतं. साच्यावर अक्षरं उलटी असतात, आणि इतकी वर्षं मी साचे हाताळते, त्यामुळे उलटं झरझर वाचते. तू त्यावरून किती हसायचास.

वाफ चढली. दुपारी लिहिते.

---

दुपारी जमलं नाही, आज दुसरी सकाळ आहे.

ती पोरगी डीजे आहे. म्हणजे आता सगळेच असतात. पण हिच्याकडे लॅपटॉपही आहे आणि तबकड्याही आहेत. जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे तिला खोकं मिळालं, त्यात तुझ्या लेबलाच्या चाळीसेक तबकड्या. गोल कागदावर ठसठशीत "रद्द माल". रद्दीवाल्याला वाटलं खरंच रद्द आहेत, म्हणून पडेल त्या भावात दिल्या. ते खोकं आपल्या माळ्यावरचं. दाजींनी आवरलं. घरी येऊन मी त्यांना जे बोलले ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही. बिचारे म्हणाले, "अगं, वरती रद्द लिहिलं होतं."

तिनं ती तबकडी वाजवली. पहिली बाजू तुझी, तो लांबलचक ठेका, मध्येच पाण्याच्या नळासारखा तो आवाज येतो ना, तो. उलटून दुसरी बाजू लावली तर नुसती शिट्टी. मला वाटलं पोरगी तक्रार घेऊन आली. तर तिला ते फार आवडलेलं. तिच्या मशीनला लॅपटॉप जोडलेला होता, शिट्टी लागताच लॅपटॉप जागा झाला. एका बाजूनं गाणं खाचेत, दुसऱ्या बाजूनं लॅपटॉपमधली हवी ती गाणी हातानं फिरवायला. तिला वाटलं तू मुद्दाम तशी काढलीस. कुणी एवढा विचार केला असेल, म्हणाली. मी गप्प बसले. मी गप्प बसले की काहीतरी असतं हे तुला माहीत आहे.

तर तिला तशाच तीनशे हव्यात. लेबलाचं नाव तुझंच, "रद्द माल", गाणं तुझंच. ती शिट्टी ज्या कंपनीची, तिची परवानगीही तिनं आणली, तो कागद मी स्वतः पाहिला. वाचला नाही, पाहिला. जुना साचा माझ्याजवळ आहे, चादरीत गुंडाळून ठेवलेला, पण त्यावर चट्टे पडलेत, त्यानं दाबलं तर कढईत फोडणी तडतडल्यासारखं वाजेल. म्हणून नव्यानं कापायची. तुझी मूळ फीत काकांनी ठेवली होती. त्यांना विचारलं, का ठेवलीत, तर म्हणाले कुणी घेऊनच गेलं नाही. काका पुढच्या महिन्यात मुलीकडे राहायला जाताहेत, कापायचं मशीन उचलून नेणारा माणूसही ठरलाय. हात थरथरतात त्यांचे, पण सुई टेकवली की थांबतात. शनिवारच्या पुढे मात्र ते कुणाचंच काही कापणार नाहीत.

आता तू म्हणशील, हे एवढंच सांगायला ताईनं दोन दिवस घालवले? नाही. पण ते एकदम सांगता येत नाही. मी एरवी तोडून बोलते, तूच म्हणायचास की ताईचं बोलणं म्हणजे नुकती दाबलेली तबकडी, कडेला ओघळलेली धारदार किनारसुद्धा कापलेली नसते. इथे मात्र अडतंय. म्हणून जरा मागून येते.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी या मशीनवर नवी. शाळा सुटली की तू माझा डबा घेऊन कारखान्यात यायचास आणि जायचं नाव घ्यायचा नाहीस. भोक सरकलेल्या, कडा चावलेल्या तबकड्यांवर मालक "रद्द"चा शिक्का मारायचे आणि त्या दळायला जायच्या. दळायच्या आधी त्यातल्या चार तू पिशवीत घालायचास. मालकांना माहीत होतं. भोक सरकलेली तबकडी वाजवली की गाणं हेलपाटतं, दारू प्यायल्यासारखं. तू तसल्याच ऐकून मोठा झालास, तुला चांगलं वाजणारं गाणं आधी खोटं वाटायचं. त्याच वर्षी माझं बोट मशीनखाली आलं. डाव्या हाताचं पहिलं, नखासकट. तू दारात डबा घेऊन उभा होतास. रडला नाहीस. डबा खाली ठेवलास आणि मला म्हणालास, आता तू दुसरं काम कर. मी दुसरं काम कुठलं करणार होते.

मोठा झालास तर शिंप्याच्या दुकानावरची ती खोली घेतलीस. दोन मशीनं, एक गादी, आणि भिंतीला खोकी. एकेका गाण्याच्या तीनशे तबकड्या काढायच्या आणि डीजे लोकांना विकायच्या. शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर रांग लागायची. खांद्यानं हेडफोन कानाला दाबून ती माणसं तासन् तास उभी असायची, एक तबकडी घ्यायला वीस ऐकायची. मी खालून ओरडायचे की शिंप्याला आपलं गिऱ्हाईक रांगेतून वर ढकलावं लागतंय. पण मला आवडायचं रे. नाव ठेवलंस "रद्द माल". मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आणि पहिल्या तबकडीपासून तू ते सुरू केलंस. काकांनी लाखेचा पत्रा कापला की, त्यावरून साचा बनायच्या आधी, सुया टोचून त्या मऊ कडेत लिहायचं. बाकीचे लोक आपली नावं लिहितात, शायरी लिहितात, एकानं तर सासूला शिवी लिहिली होती. तू लिहिलंस "ताई, बोट सांभाळ". मला वाटलं एकदाच. दुसऱ्या तबकडीवरही तेच. अकराच्या अकरा तबकड्यांवर. साचा आला की मशीनला लावायच्या आधी मी तो पुसायचे आणि आधी कड वाचायचे. उलटी. ती वाचल्याशिवाय मला बटण दाबवत नसे. एवढी सवय.

---

बुधवार. काल दोन ठिकाणी नळी फुटली, दिवस वाया. आज सगळं लिहून संपवते, कुरियरवाला अकराला येतो.

शिट्टी कशी आली ते तुला मी सांगायला नको, पण तुझ्या बाजूनं तुला जे दिसलं ते वेगळं आणि मशीनवरून मला दिसलं ते वेगळं. आधी डीजे लोक दोन-दोन खोकी भरून तबकड्या न्यायचे, निम्म्यांची कंबर गेलेली. मग ती पेटी निघाली. लॅपटॉपला जोडायची. तबकडीवर गाणं नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच शिट्टी, आणि ती शिट्टी लॅपटॉपला सांगते की हात किती पुढे गेला आणि किती मागे. गाणं सगळं लॅपटॉपमध्ये. म्हणजे एका डीजेला जन्माला दोन तबकड्या पुरेत, झिजल्या की अजून दोन. बाकी तुझ्यासारख्यांच्या तबकड्या घ्यायच्या कशाला? एकानं घ्यायची, लॅपटॉपमध्ये उतरवायची आणि चाळीस जणांना पाठवायची. जिन्यावरची रांग आधी आखडली, मग गेली. शिंपी मला म्हणाला, आता गिऱ्हाईक मोकळं चढतंय, पण दुकान भकास वाटतं.

आणि त्याच वर्षात आम्ही कधी नव्हे इतक्या तबकड्या दाबल्या. ही गंमत कुणाला सांगू? जग म्हणत होतं तबकडी मेली, आणि इथे छतापर्यंत थप्प्या. सगळ्या मुक्या. तपासायला सुई ठेवावी तर कानात ती शिट्टी. घरी भाजी चिरताना ऐकू यायची, मी दाजींना म्हणायचे कुकर बंद करा आणि कुकर लावलेलाच नसायचा. तुझं लेबल ज्यानं बुडवलं ते मी माझ्या हातानं दाबत होते, दिवसाला आठशे. तू मला कधी त्यावरून बोलला नाहीस. एकदाही नाही. त्याचं मला जास्त लागायचं, का कोण जाणे.

मग तुझी अकरावी. तीन दिवसांचा तो मोठा मेळा होता, सगळीकडचे डीजे येणार होते. तू ठरवलं होतंस की तिथे एक तबकडी अशी न्यायची की लोक पुन्हा खोकी उघडतील. सहा महिने तू नीट जेवला नाहीस. मी दर दोन दिवसांनी डबा घेऊन यायचे, आणि परत न्यायचे तर तो भरलेलाच. त्या दिवशी आले तेव्हा तुझे चार मित्र बसले होते. तू गाणं लावलंस. मी म्हणाले, खालचा आवाज फार जड आहे, खाच एवढी रुंद होईल की सुई उडेल. काकांनीही तेच सांगितलं होतं तुला, हे मला नंतर कळलं. तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालास,

"ताई, तू झाकण दाबतेस. गाण्यातलं तुला काय कळतं?"

मित्र हसले. तूही हसलास. तुला हे आठवतही नसेल. मी डबा ठेवला आणि जिना उतरले.

त्याच आठवड्यात तुझे साचे आले आणि शिट्टीवाल्यांचेही आले. दहा हजार शिट्ट्या. दुसरं मशीन उघडून पडलेलं, चालू होतं ते माझं एकटं. तुला हे सगळं माहीत आहे. तुला हेही माहीत आहे की मालकांनी मोठ्या कंपनीचं काम पुढे घेतलं आणि तुझं मागे टाकलं, आणि मेळ्याच्या आदल्या दिवशी तू भाड्याची गाडी घेऊन आलास तेव्हा तुझी एकही तबकडी तयार नव्हती.

धाकट्या, मालक त्या दोन आठवड्यांत इस्पितळात होते. मुतखड्याचं ऑपरेशन. जाताना मला म्हणाले, दोन कामं आहेत, कुठलं आधी ते तू बघ. एवढंच. शिट्टीवाल्यांना घाई नव्हती, त्यांनी तारीखसुद्धा दिली नव्हती. तुझं काम अर्ध्या दिवसाचं होतं. अर्ध्या दिवसाचं. मी तुझा साचा पुसला, कड वाचली, बोट सांभाळ, आणि साचा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. आणि शिट्टी लावली.

ही मी केलेली गोष्ट. मालकांनी नाही.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत होते की तुझ्या भल्यासाठी केलं. चौतिशीचा झालास, गादीवर झोपतोस, वाळून चाललास, एकदा हे बंद पडलं की नोकरी धरशील, माणसात येशील. ते सगळं खरंच वाटायचं मला, काळजी होतीच. पण त्या सकाळी साचा हातात होता तेव्हा मनात काळजी नव्हती. मनात एवढंच होतं की झाकण दाबणाऱ्या बाईनं झाकण दाबलं नाही तर काय होतं ते एकदा कळू दे याला. भलं बिलं काही नाही. राग होता.

दहा दिवस तो साचा फळीवर आणि मी त्याच्याकडे पाठ करून. तू रोज फोन करायचास, झालं का? मी सांगायचे, मालक ठरवतील. शेवटच्या दिवशी दुपारी मात्र माझ्यानं राहवेना. सहाला वाफ बंद होते, दोन वाजले होते, म्हटलं अजून तीनशे निघतील. घाईघाईत मशीन थंड केलं, वरचा साचा काढला, तुझा लावला, खालचा काढायचाच राहिला. पंचवीस वर्षांत नवी पोरंसुद्धा अशी चूक करत नाहीत. तुझे गोल कागद दोन्हीकडे लावत गेले आणि एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला शिट्टी. चाळीस निघाल्या तेव्हा एक उलटून पाहिली. कडेवर माझं नाव नव्हतं. तिथेच कळलं. पुन्हा साचा बदलायचा म्हणजे तास गेला असता, आणि तेवढ्यात बाहेर तुझ्या गाडीचा हॉर्न.

मालक त्याच दिवशी घरी आले होते, पोटाला टाके, काठी धरून फाटकापर्यंत आलेले. तू त्यांनाच गाठलंस. मोठ्या माणसांचे पाय चाटणारा म्हणालास, अजून पुष्कळ म्हणालास. ते ऐकत होते आणि तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते. माझ्यामागे त्या चाळीस तबकड्या होत्या, मी त्यांच्यावर फडकं टाकलेलं. एका नजरेत त्यांना सगळं कळलं असणार, त्यांचाच कारखाना. तुला म्हणाले, "चूक आमची." तू निघून गेलास. मग मला त्यांनी एवढंच विचारलं की पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केलास का.

पुढच्या आठवड्यात मी तुझ्या तीनशे नीट दाबून खोलीवर पाठवल्या, पण मेळा होऊन गेला होता. म्हणे त्या तीन दिवसांत तिथे एकाही डीजेनं खोकं उघडलं नाही, कंपनी पेट्या फुकट वाटत होती. तुझ्या तीनशेंनी त्यात काही फरक पडला असता असं मी म्हणत नाही. पण त्या तिथे असायला हव्या होत्या. कुणीतरी एखादी उचलून कानाला लावली असती. मग तू खोली सोडलीस, गाव सोडलंस, लिफ्ट दुरुस्त करायला लागलास. मला खरं वाटत नाही अजून. चाळीस मजले वर-खाली आणि आवाज कसला तर दाराची घंटी.

चाळीस मात्र दळायला टाकवल्या नाहीत. मधला कागद आधी कापून काढावा लागतो, तो तुझा कागद कापायला हात धजेना. माळ्यावर ठेवल्या. पुढचं तुला सांगितलंच.

आता तबकड्यांचे दिवस परत आलेत म्हणतात. पोरं घेतात आणि भिंतीला लावतात, निम्म्यांच्या घरी सुईच नाही. मोठ्या कंपन्या जुन्या गायकांची तीच ती गाणी पुन्हा काढतात, आमची दोन्ही मशीनं सहा-सहा महिने अडवून ठेवतात, आणि तुझ्यासारखे तीनशेवाले फाटकावर ताटकळतात. तेच पुन्हा. फक्त इथे एक नियम आहे. सोमवारची पहिली वाफ लहानांची. कंपनी कितीही मोठी असो, सोमवारी दुपारपर्यंत तिला मशीन मिळत नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या महिन्यात मी तो सुरू केला, कुणाला न विचारता. मालकांनी का म्हणून विचारलं नाही. परवा सूनबाईनं विचारलं, मावशी, हे असंच का करायचं? मी ओरडले.

थंडीत मालकांना शेवटचं भेटायला गेले. बोलणं जवळजवळ गेलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "धाकट्याला सांगितलंस का?" मी हो म्हणाले. म्हणाले, बरं झालं. आणि डोळे मिटले. चार दिवसांनी गेले. त्या माणसानं नऊ वर्षं तुझ्या शिव्या माझ्या वाटच्या खाल्ल्या आणि मी त्याच्याशी शेवटचं बोलले ते खोटं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दाजी म्हणतात, डॉक्टरला दाखव. डॉक्टर काय करणार?

कुरियरवाला आला, बाहेर बसवलाय. तेव्हा हे पत्र कशासाठी ते ऐक. माफी मागायला लिहिलेलं नाही, मागितली तर तू दे-नको-दे करत बसशील आणि शनिवार निघून जाईल. काकांना मी सांगितलंय, तबकडी कापा पण कड कोरी ठेवा, आणि धाकटा आला तरच कापा. पत्रा कापला की दोन दिवसांत रसायनात बुडवायला जातो, त्याच्या आत जे लिहायचं ते लिहावं लागतं. शुक्रवार संध्याकाळची बस धर, दाजी स्टँडवर येतील, ते बोलतील त्याकडे लक्ष देऊ नकोस. अकरा वेळा तू त्या कडेत माझ्या बोटाची काळजी कोरलीस, आणि मी ती वाचून तुझा साचा फळीवर ठेवला. या वेळी मनात असेल ते कोर. मालकांना बोललास ते सगळं माझं आहे, ते कोरलंस तरी चालेल. आवरतं घेऊ नकोस, गाणं थोडं लहान कापून कड रुंद ठेवायला सांगितली आहे. जे लिहिशील ते साच्यावर उलटं पहिल्यांदा मीच वाचीन, आणि मग तीनशे वेळा दाबीन.

तुझा साचा येईल त्या सोमवारच्या पहिल्या वाफेला तो लावायला थांबलेली,
तुझीच
ताई